वळणावरचे दहा इंच

गवंडी : ...म्हणून म्हटलं अक्का, पाच वाजायच्या आत तुमच्या कानावर घालावं. एकदा घण पडला की पडला. भिंत काय परत उभी राहत नाही.

अक्का : बसा ना दादा. उभ्या उभ्या कशाला बोलताय.

गवंडी : बसलोय की. मघापासून बसलोय.

अक्का : हो का. बरं.

गवंडी : चहा गार झाला तुमचा.

अक्का : सकाळचाच आहे तो. लेक तिच्या घरून कामावर जाताना ठेवून गेली.

गवंडी : तीन वाजले आता! अक्का, मास्तरांना जाऊन तीन आठवडे झाले. असं उपाशी राहून कसं भागेल? सगळी गल्ली तुमच्या तोंडाकडे बघते.

अक्का : जेवते की मी. ताट पुढे आलं की जेवते, उचललं की उठते. काय सांगत होतात?

गवंडी : शिंपिणीच्या भिंतीचं.

अक्का : ते ठरलंय ना? पाच वाजता पाडायची. मला विचारायला आले होते सगळे. मी हो म्हटलं.

गवंडी : तुम्ही हो म्हणालात?

अक्का : म्हणाले असेन. हल्ली मी सगळ्यांनाच हो म्हणते. लवकर जातात.

गवंडी : अहो, पण तिनं भिंत पुढं घेतलेलीच नाही.

अक्का : मोजली ना त्यांनी. गल्ली आठ फुटांची, आणि तिच्या दारात भरली सात फूट दोन इंच. दहा इंच खाल्ले म्हणाले तिने. तिथेच यांना न्यायला आलेली दवाखान्याची गाडी अडकली. धड पुढे येईना, धड मागे जाईना. मी इथून बघत होते.

गवंडी : तिच्याच दारात मोजली, अक्का! पुढं कोणी मोजायला गेलंच नाही. आणि तिच्या भिंतीचं प्लास्टर सहा वर्षांमागं कोणी केलं? मीच केलं. बोटभर जाडीचं. दहा इंच भिंत पुढं घ्यायची तर पाया खणावा लागतो, ती काय चादर आहे झोपेत ओढून घ्यायला? मला सगळं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी सगळ्यांबरोबर मीही ओरडलो तिच्यावर. का, तर मास्तरांना उचलून गाडीपर्यंत आणलेलं, ते समोर पडलेले आणि कोणावर तरी ओरडायला पाहिजे होतं. आता घण माझ्याच हातात दिलाय लोकांनी.

अक्का : मग नाही म्हणा.

गवंडी : नुसतं नाही म्हणून ऐकतायत होय! म्हणून आज सकाळी पोलादी टेप घेऊन एकटाच निघालो. रस्त्यापासून वळणापर्यंत बावीस घरं. प्रत्येकाच्या उंबऱ्यापासून समोरच्या कारखान्याच्या भिंतीपर्यंत मोजत आलो. आठ फूट. कुठं अर्धा इंच इकडं, अर्धा इंच तिकडं, पण आठ. वळणापासून पुढं सतरा घरं. पहिलं शिंपिणीचं, सात-दोन. तिच्या शेजारी लोहाराचं, सात-दोन. दाईचं सात-दोन. सुताराचं, धोब्याचं, दोघा भावांचं, सगळी सात-दोन. सतरा जणांनी काय एका रात्रीत एकाच मापाची चोरी केली?

अक्का : आणि इथे?

गवंडी : इथं काय?

अक्का : माझ्या दारात किती भरली?

गवंडी : सात-दोन.

अक्का : कारखान्याची भिंत सरकली असेल.

गवंडी : ती दगडी भिंत आपल्या दोघांच्या आधीपासून तिथं आहे आणि आपल्या दोघांनंतरही राहणार आहे. ती कुठं जातेय. अक्का, गल्ली रुंद केली ते दिवस आठवतायत तुम्हाला?

अक्का : तुमची आई वारली नि तिला उभी करून न्यावी लागली, त्याच्यानंतर.

गवंडी : हो. मी पुढनं, भाऊ मागनं. आडवी न्यायला जागाच नव्हती. दोन माणसं समोरासमोर आली की एकाला कोणाच्या तरी घरात शिरावं लागायचं. चालत गेल्यासारखी गेली बिचारी. कोपऱ्यावरच्या वाण्यानं तर तिला विचारलं, सकाळी सकाळी कुठं निघालात म्हणून.

अक्का : तुम्ही काय म्हणालात त्याला?

गवंडी : म्हटलं, जरा लांब.

अक्का : त्या संध्याकाळी मी पहिल्या घरापासून सुरुवात केली. दारोदार. पुढची खोली थोडी मागे घ्या, म्हणायची. सगळे हसायचे. दहा बाय दहाच्या खोलीतून काय मागे घ्यायचं, म्हणायचे. दाईने तर माझ्या अंगावर भांड्याचं पाणी टाकलं.

गवंडी : आणि तीच नंतर विटा वाहायला सगळ्यांच्या पुढं.

अक्का : सात महिने लागले हो म्हणवून घ्यायला. तेव्हा नळ होता कारखान्याच्या फाटकाशी, एकच. दिवा नव्हता. गटार दारातून वाहायचं, पोरं त्यावरून उड्या मारत शाळेत जायची. जी जायची ती.

गवंडी : आता मुलींची सायकलसुद्धा दारापर्यंत येते. गटारावर लाद्या आल्या, तुमचं पाळणाघर आलं, खांबावर दिवे आले. अहो, माझ्या नातवाला सांगितलं तर खरं वाटत नाही त्याला. बरं, मोजलं कशानं होतं तेव्हा?

अक्का : दोरीने. एवढी लांब टेप कोणाकडे होती? तुम्ही कारखान्याच्या भिंतीला टोक धरायचात, दुसरं माझ्याकडे. ताणलेली दोरी घरात जिथे पोचेल तिथे मी गेरूने खूण करायची. तिथपर्यंत घर मागे.

गवंडी : पहिल्या दिवशी कुठपर्यंत मोजलं?

अक्का : वळणापर्यंत. मग दोरी हातातून सुटली माझ्या. गटारात पडली. अंधारून आलं होतं, म्हटलं उरलेलं उद्या.

गवंडी : आणि दोरी?

अक्का : घरी नेली. धुतली.

गवंडी : नुसती धुतली नाहीत अक्का. उकळलीत. सोडा घालून पातेल्यात उकळलीत आणि पत्र्यावर वाळत घातलीत. मी हसलो होतो तुम्हाला. म्हटलं, उद्या पुन्हा त्याच गटारावरनं जायचीय ती, तिला कशाला आंघोळ?

अक्का : वास येत होता. लोकांच्या दारात जायचं, ती घाण हातात धरून कसं जायचं.

(गवंडी पिशवीतून दोरीचं वेटोळं काढून अक्काच्या पुढ्यात ठेवतो.)

अक्का : हीच?

गवंडी : गाठ बघा. तुमच्या हातची आहे. मी कधी कामाला लावली नाही हिला. म्हटलं, जिनं गल्ली केली तिनं आता विटा काय ओढायच्या. माळ्यावर गुंडाळून ठेवली होती. कापली तेव्हा मी तिला दुकानदाराच्या मापाच्या गजानं आठ फूट मोजून कापली होती.

अक्का : आणि आज?

गवंडी : सकाळी मोजली. चार वेळा मोजली.

अक्का : सात-दोन.

गवंडी : हो.

अक्का : म्हणजे मी उकळली म्हणून.

गवंडी : चूक तुमची नाही. सुती दोरी गरम पाण्यात आखडते, हे मला गवंड्याला कळू नये? दुसऱ्या दिवशी हातात घेतली तर कडक लागली. मी काय म्हणालो असेन? म्हटलं, अक्कानं दोरीला खळही घातली वाटतं! आणि चाललो तुमच्या मागनं.

अक्का : मास्तर म्हणाले होते, आज परत एकदा मापून घे. त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा मापायची सवय. दूधसुद्धा दोनदा मापायचे. मी म्हटलं, शाळा नाहीये ही तुमची.

गवंडी : अक्का...

अक्का : मग छत्री घेऊन गेले शाळेत. बरं, आता काय करायचं म्हणता?

गवंडी : मी ठरवून आलोय. पाच वाजता लोक जमले की मी सांगतो, दुसऱ्या दिवशी माझा हात ढिला पडला. दोरीला झोळ राहिला म्हणून गल्ली कमी भरली. झालं. शिंपिणीवरचा आळ गेला आणि तुमचं नावही कुठं आलं नाही.

अक्का : आणि तुम्हाला बोलतील ते?

गवंडी : मला काय, चार दिवस शिव्या देतील आणि पाचव्या दिवशी गिलावा करायला बोलावतील. तुमचं तसं नाही. सोमवारी कचेरीची माणसं टेप घेऊन येणार. आठ फूट पूर्ण भरली तरच पाण्याची मोठी नळी टाकणार, गल्ली नकाशावर घेणार. म्हणजे सतरा घरं पुन्हा फोडायची. तेव्हा मातीची नि पत्र्याची होती, आता पक्क्या विटा आहेत, फरश्या आहेत. लोक कोणाच्या शब्दावर फोडतील? तुमच्याच ना? आणि त्यांना कळलं की अक्काच्याच दोरीनं... मास्तर अक्काच्याच...

अक्का : म्हणा की. मास्तर माझ्याच दोरीने गेले.

गवंडी : असं तोंडानं म्हणू नका.

अक्का : म्हटलं तर काही होत नाही दादा. मी म्हणून बघितलं. काहीच होत नाही.

शिंपीण : अक्का, येऊ का? दार उघडंच दिसलं म्हणून... गवंडीमामा पण इथेच आहेत होय. बरं झालं, दोघांना एकदमच सांगते. पुढची खोली रिकामी केली मी. मशीन आत ओढलं. कपाट तेवढं हललं नाही, ते भिंतीला टेकून आहे. तेव्हा मामा, वरून सुरुवात करा. आणि विटा सांभाळून काढल्यात तर मलाच लागतील परत लावायला.

गवंडी : एकटीनं ओढलंस मशीन?

शिंपीण : हाक कोणाला मारू? तीन आठवड्यांत दारात कोणी उभं राहिलं नाही. अर्धवट शिवलेले कपडेही घेऊन गेल्या बायका. लोहाराची सून तर एकच बाही लावलेला झगा घेऊन गेली. आता तो कसा घालतेय, तिचं तिला ठाऊक.

अक्का : बस.

शिंपीण : बसत नाही. एक मागायला आले. पाच वाजता तुम्ही तिथे येऊ नका, अक्का. बाकीचे बघतील ते सोसेन मी. तुम्ही समोर उभ्या नको.

अक्का : भिंत तू पुढे घेतलेली नाहीस.

शिंपीण : नाही.

अक्का : मग तीन आठवडे बोलली का नाहीस?

शिंपीण : बोलून काय...

गवंडी : अगं, घर फोडायला निघाले लोक, आणि तू वरून फोडा की खालून फोडा सांगतेस? मी आज सकाळी अख्खी गल्ली मोजली. वळणापुढं सगळ्यांचीच कमी आहे. तुझी एकटीची नाही.

शिंपीण : सगळ्यांची?

गवंडी : सतराच्या सतरा. तुला काय वाटत होतं?

शिंपीण : मला वाटत होतं, माझीच.

अक्का : म्हणजे तुला ठाऊक होतं. कमी आहे ते.

शिंपीण : गेरूची खूण झाली त्याच दिवशी. तुम्ही दोघं लोहाराकडे वळलात आणि मी गळ्यातली टेप लावली. सवय हो, दुसरं काय. कोणी कापड म्हटलं तरी लावते, भिंत म्हटली तरी लावते. आठ फूट यायला हवे होते, सात-दोन आले. दोनदा लावून बघितली.

अक्का : आणि गप्प राहिलीस.

शिंपीण : आदल्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही चुलीशी काहीतरी उकळत होतात. मी सांगितलं, आठ फूट सोडले तर माझं मशीन बसत नाही. मशीन, स्टूल, पाय मारायला जागा. नऊ इंच कमी पडत होते. नवरा नुकताच गेला होता, मशीन गेलं असतं तर मी काय केलं असतं? रडले तुमच्यासमोर. आठवतं?

अक्का : नाही.

शिंपीण : तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. ढवळत ढवळत म्हणालात, बघू. आणि दुसऱ्या दिवशी मला नऊ हवे होते तिथे दहा इंच मिळाले. मी काय समजायचं, सांगा ना.

गवंडी : अक्कानं मुद्दाम दिले, असं समजलीस तू.

शिंपीण : मला वाटलं, अक्कांनी माझ्यासाठी ठेवले. कोणाला न सांगता. म्हणून मीही कोणाला सांगितलं नाही. अठरा वर्षं पाळणाघराच्या पोरांचे झगे शिवते मी, कधी एक बटणही लावायचं ठेवलं नाही. लोक म्हणायचे, किती करते ही. ते त्या दहा इंचांचं होतं. तुम्ही कधी विषय काढला नाहीत, मी काढला नाही. म्हटलं, काही गोष्टी बोलून हलक्या करायच्या नसतात.

अक्का : मी समजत होते तुझा स्वभावच तसा आहे.

शिंपीण : मग मास्तर गेले. गाडी माझ्याच दारात, माझ्याच दहा इंचांत अडकली. लोक म्हणाले चोरी केलीस. मी काय सांगू? चोरी नाही, अक्कांनी दिले? म्हणजे तुमच्या मायेपायीच मास्तर... हे माझ्या तोंडून निघालं असतं होय? त्यापेक्षा म्हटलं, चोर तर चोर.

अक्का : मी तुला काही दिलं नव्हतं गं.

शिंपीण : नाही?

अक्का : उकळत होते ती दोरी होती. गटारात पडली होती म्हणून. त्याने ती आखडली आणि सगळ्यांचंच माप चुकलं. तुझं रडणं माझ्या ध्यानातसुद्धा राहिलं नव्हतं.

शिंपीण : बरं.

गवंडी : काहीतरी बोल की बाई. चीड तरी!

शिंपीण : बसते जरा.

अक्का : बस.

गवंडी : पाणी देऊ का कोणाला? माठ कुठं आहे?

अक्का : त्यांनी पाणी मागितलं होतं का? तुझ्या दारात?

शिंपीण : मी दिलं. घोटभरही गेलं नाही आत. ड्रायव्हरकडे बघत होते सारखे. म्हणाले, त्याला म्हणावं सावकाश घे, गाडीला ओरखडे पडतील.

अक्का : असंच म्हणणार.

शिंपीण : मी हात धरला होता, अक्का. तुम्ही येईपर्यंत.

अक्का : मी धावले नाही. मला वाटलं, गाडी आली, आता काय. चपला शोधत बसले.

गवंडी : अक्का, चार वाजायला आले. लोक जमतील आता. मी म्हणतो तेच करू. माझा हात ढिला—

अक्का : तुमचा हात ढिला पडला हे या गल्लीत कोणाला पटेल? तुम्ही बांधलेल्या भिंतीत कोणाला खिळा ठोकता येत नाही. नको दादा. जे झालं ते मी सांगते.

गवंडी : आणि नाही ऐकलं लोकांनी? सोमवार गेला, नळी गेली, नकाशा गेला, तर?

अक्का : तर जाईल. पण त्यांच्याकडून पुन्हा दहा-दहा इंच मागायचे आणि मागचे का कमी भरले ते खोटं सांगायचं, हे मला जमायचं नाही. आणि हिला काय सांगणार होतात? झोळ?

गवंडी : मला हिचं कुठं माहीत होतं.

अक्का : घण इथे आणा. पाच वाजता माझी भिंत आधी. ती पडलेली बघतील, मग ज्याला फोडायची तो फोडेल.

गवंडी : दहा इंच आत घेतली तर तुमची दुसरी खाट मावणार नाही.

अक्का : एकच लागते आता.

शिंपीण : मामा, मग माझी दुसरी घ्या. खोली रिकामीच आहे.

गवंडी : तुला मशीन कुठं बसवायचं?

शिंपीण : बघू.

गवंडी : बरं. मग आतून मोकळं करायला हवं. या भिंतीला काय काय आहे?

अक्का : काही नाही. खुंटी आहे एक.

शिंपीण : मास्तरांचा सदरा आहे तिच्यावर.

अक्का : हो.

गवंडी : मी काढू?

अक्का : पुरतो माझा हात. हं, धर गं.

शिंपीण : खांद्यात उसवलाय हा.

अक्का : कधीचा. मला सांगत होते शिंपिणीकडे टाक म्हणून. राहूनच गेलं.

शिंपीण : टाका मग.

अक्का : पाचच्या आत होईल?

शिंपीण : दोन टाक्यांचं काम आहे. इथेच बसून करते.